टोकरखाड्याची रानमोहरी

माझी थोरली बहीण सुमनताई भाऊजी गेल्यावर चिपळूण सोडून सिल्वासाला मुलाकडे राहायला गेली. निखिल तिथे सरकारी कचेरीत आहे, सून केतकी मराठी शाळेत शिकवते. दोघं सकाळी बाहेर पडली की ताई संध्याकाळपर्यंत एकटी. सुरुवातीला फोनवर तिचा आवाज इतका खाली गेलेला असे, की मी मुद्दाम दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगून तिला हसवत असे. मग जानेवारीपासून तिचा आवाज बदलला. जशुबेन काय म्हणाली, सोनलने काय आणलं, असं ती भरभरून बोलायला लागली. एकदा म्हणाली, इथे रानात मोहरी फुकट मिळते, मी मिरचीचं लोणचं घालून सगळ्यांना वाटलं. मला बरं वाटलं. फेब्रुवारी सरत आला होता. दुकान मुलावर सोपवून मी निघाले.

वापी ते टोकरखाडा

वापीपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. वापीला निखिल न्यायला आला होता. गुजरातची हद्द संपली आणि दारूची दुकानं सुरू झाली, एकाला एक लागून, जशी आपल्याकडे घाट उतरल्यावर वडापावच्या गाड्या लागतात. गुजरातेत बंदी, इथे केंद्रशासित प्रदेश म्हणून मोकळीक. निखिल म्हणाला की शनिवारी संध्याकाळी या रस्त्यावर गाडी चालवणं म्हणजे शिक्षा असते. दुकानांच्या मागे कारखाने, कारखान्यांच्या मागे ताडाची झाडं, आणि त्याच्याही मागे डोंगर. पाळी सुटलेली माणसं सायकलींवरून घोळक्याने जात होती. सिग्नलला थांबलो तेव्हा एका बाजूने हिंदी, दुसऱ्या बाजूने गुजराती आणि मागच्या रिक्षातून चक्क आपली मराठी ऐकू आली, फक्त तिचा हेल खानदेशातला होता.

ताईचं घर सिल्वासातल्याच टोकरखाड्यात, कॉलनीतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. ती जिन्यातच उभी होती. वर्षभरात बारीक झाली होती, पण चेहरा टवटवीत होता. समोरच्या दारातून जशुबेन डोकावल्या, माझी चौकशी केली आणि आत जाऊन ताटलीभर हांडवा घेऊन आल्या. हांडवा म्हणजे आपल्या भानोळ्यासारखा भाजलेला जाड प्रकार, वर तिळाची खमंग साल. ताई अर्धी गुजराती अर्धी मराठी बोलत होती, जशुबेनही तसंच, आणि दोघींना सगळं कळत होतं.

जेवताना ताईने लोणच्याची बरणी पुढे केली आणि मी खाते कशी ते बघत बसली. मिरच्या करकरीत होत्या, मीठ नेमकं, लिंबू नेमकं. जीभ भाजली, पण नाकात काही गेलं नाही. मिरचीच्या लोणच्यात मोहरीची भरड इतकी घालतात, की घास तोंडात घातल्यावर ती नाकातून डोक्यात चढली पाहिजे, डोळ्यांत टचकन पाणी आलं पाहिजे. आईच्या हाताची तीच खूण होती आणि ताईच्याही. मी तसं म्हणाले. ताई म्हणाली, इथल्या रानातली मोहरी सौम्य आहे, त्यात दुकानातली थोडीच घातली होती. तिचा चेहरा किंचित उतरला म्हणून मी विषय वाढवला नाही. दुसऱ्यांदा मात्र घेतलं नाही.

वासोण्याच्या वाटेवर

रविवारी निखिल आम्हाला वासोण्याला सिंह दाखवायला घेऊन गेला. जाळीच्या गाडीत बसवून आत फिरवतात. सिंह होता, पण आमच्याकडे पाठ करून सागाच्या पानगळीत झोपला होता. गाडीवाल्याने दोनदा थांबवून पाहिलं, त्याने शेपटी हलवली, एवढंच. मागे बसलेल्या कुटुंबातली आजी म्हणाली की आमचे हे पण रविवारी असेच असतात. सगळी गाडी हसली. सिंहापेक्षा तेच मला जास्त लक्षात राहिलं.

परतताना रस्त्याकडेला उंबाडियुं खाल्लं. मडक्यात पापडीच्या शेंगा, रताळी, बटाटे, कंद भरायचे, रानपाला दाबून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. मला रायगडातल्या आत्याकडची पोपटी आठवली. तिथे भांबुर्ड्याचा पाला असतो, इथला वेगळा, पण धुराचा वास तोच. इथे सोबत हिरवी चटणी आणि ताक देतात. आत्याला हे ताक दिलं असतं तर तिने पोपटीचा अपमान समजला असता.

खाऊन गाडीत बसणार तेवढ्यात ताई म्हणाली, थांबा, मंदाला माझी मोहरी दाखवते. शेताच्या बांधाला लागून कंबरेच्या खालीच राहणारी रोपटी उभी होती. लांबून पाहिली तर छानच दिसत होती. पिवळीधमक फुलं, पाकळ्या पतंगाच्या कागदासारख्या चुरगळलेल्या आणि पातळ. ताई पर्समधून सांडशी काढायला लागली. ती सांडशी घेऊनच फिरत असे, हे मला तेव्हा कळलं. निखिलच्या मोटारसायकलचे जुने हातमोजे घालायचे, सांडशीने बोंड धरायचं, कात्रीने कापायचं आणि पिशवीत उपडं करायचं, अशी तिची रीत होती. सुकलेलं बोंड टोकाशी फुटलेलं असतं, हलवलं की काळे बारीक दाणे खाली पडतात.

मला घाई झाली आणि मी उघड्या हाताने पान धरलं. बोटात तीन ठिकाणी काटे शिरले. पानाच्या प्रत्येक टोकाला काटा, देठाला काटे, बोंडालाही काटे. पानं निळसर हिरवी आणि शिरांवर पांढरे पट्टे, कोणी चुन्याने रेघा मारल्यासारखे. मी रागाने देठ मोडला तर त्यातून पिवळा चीक आला, हळद घातलेल्या दुधासारखा, आणि बोटांना चिकटून बसला.

मी ताईला विचारलं, ही मोहरी आहे हे तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, दाणे बघूनच कळलं, तरी खात्री करावी म्हणून रस्त्याने जाणाऱ्या एका बाईला विचारलं, ये राई है? ती हसली आणि मान हलवून निघून गेली. त्या बाईला प्रश्न तरी कळला असेल का, असं माझ्या मनात आलं. मी बोंड हातावर झटकलं. चार दाणे पडले.

आमचं किराणा दुकान आहे. लग्न झाल्यापासून मी त्या गल्ल्यावर बसते, आणि मोहरीची पोती उतरवून घेणं माझ्याकडे असे. सासरे सांगत, नवीन पोतं आलं की मूठभर मोहरी पांढऱ्या कागदावर पसरायची आणि डोळ्यांत तेल घालून बघायची, पिवळ्या धोतऱ्याचं बी मिसळलेलं असतं. ते पोटात गेलं तर अंगावर सूज येते, हृदयाला त्रास होतो, माणसं दगावतात. ते बी मी दोन-तीनदा वेचून काढलेलंही आहे. पण धोतऱ्याचं झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल तरी ओळखलं नव्हतं. त्या बांधावर उभी असताना बी मला ठाऊक होतं आणि झाड ताईला. दोन्ही एकाच तळहातावर आलं आणि मी मूठ मिटून गाडीकडे वळले.

ताटलीतले दाणे

घरी येईपर्यंत मी काही बोलले नाही. चूक असेन तर ताईच्या आनंदावर उगाच पाणी पडलं असतं. घरी आल्यावर पांढरी ताटली घेतली, एका बाजूला दुकानातली मोहरी ठेवली, दुसऱ्या बाजूला ताईच्या डब्यातली, आणि खिडकीत उजेडात नेली. नुसतं बघितलं तर सारखीच. मग निखिलचं भिंग आणलं. मोहरी गुळगुळीत, गोल. ताईचे दाणे जास्त काळे, अंगावर बारीक जाळी, आणि एका कडेला शिवणीसारखी उभी रेघ. दोन्ही वेगवेगळी ठेचून पाण्यात कालवली. मोहरी नाकात गेली. ताईच्या दाण्यांना वासच नव्हता. मग सासरे काय सांगत, ते मी सगळ्यांना सांगितलं.

ताईने ठेचलेलं परत एकदा हुंगलं. मग ताटली खाली ठेवली. निखिलने बांधावर सहज काढलेला झाडाचा फोटो मोबाइलवर ताडून पाहिला. पांढऱ्या शिरा, काटे, पिवळा चीक, सगळं जुळत होतं. पिवळा धोतरा. तो म्हणाला, आई, उरलेलं फेकून दे आणि गप्प बस, एवढ्याशा लोणच्याने कोणाला काय होतंय, उगाच कॉलनीत बोभाटा होईल. केतकी त्याला म्हणाली, सोनलला सातवा महिना आहे.

सोनल ही ताईची इथली पहिली मैत्रीण. धुळ्याकडची, नवरा सुताच्या कारखान्यात कामाला, सिल्वासाच्या आमली भागात एका खोलीत राहतात. ताई आमलीच्या बाजारात भाजी घेत असताना मागून मराठी ऐकू आलं म्हणून वळली, ती सोनल. लोणच्याची पहिली बरणी तिलाच गेली होती.

ताई खुर्चीत बसून राहिली होती. मी तिच्या शेजारी बसले. ती म्हणाली, "मंदा, इथे वर्षभर माझ्याशी जिन्यात कोणी बोललं नव्हतं. बरणी घेऊन गेले तेव्हा दारं उघडली. आता त्याच दारात जाऊन काय सांगू, मी तुम्हाला विष दिलं?"

मी तिचा हात धरला, तर माझ्या बोटातले काटे तिला टोचले. तिने बोटं उजेडात धरली, सुई आणून शांतपणे तिन्ही काटे काढले, हळद लावली. सुई डबीत ठेवली आणि सोनलला फोन लावला. तिकडून कोणी उचलला नाही. ताई उठली, चपला घातल्या आणि निखिलला म्हणाली, रिक्षा बोलाव.

आमली

आमलीत संध्याकाळची गर्दी होती. कारखान्यांची पाळी बदलत होती, भाजीच्या गाड्यांवर दिवे लागत होते, मोबाइलच्या दुकानांतून भोजपुरी गाणी आणि शेजारच्या गाडीवरून तळलेल्या बोंबलाचा वास. एका बोळात चाळीसारखी खोल्यांची रांग, दुसरी खोली सोनलची. दार उघडंच होतं. ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती, फोन चार्जिंगला लावलेला. पुढ्यात ताटली, ताटलीत कळण्याची भाकरी आणि ते लोणचं. तिच्या दोन्ही पायांवर सूज होती.

आम्हाला बघून ती उठायला लागली. "मावशी, काय व्हयनं?" तिने विचारलं. काय झालं, म्हणून. ताईने तिला खांदा धरून बसवलं आणि तिच्या पुढ्यातली ताटली उचलून घेतली.

"सोनल, मी दिलेलं हे लोणचं खाऊ नको. त्यात मोहरी नाही, पिवळ्या धोतऱ्याचं बी आहे. मला ओळखता आलं नाही. आता माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल."

सोनल आधी हसलीच. पिवळा धोतरा तिला चांगला ठाऊक होता, त्यांच्या बांधावर रगड असतो, बकऱ्याही तोंड लावत नाहीत म्हणाली. मग तिचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. बरणी जवळजवळ संपली होती. दुसरं काही तोंडाला चवच देत नव्हतं, म्हणून ती दोन्ही वेळेला तेच खात होती, हे तिने सांगितलं तेव्हा तिचा आवाज लहान झाला होता.

जवळच एका डॉक्टर बाईंचा दवाखाना होता, बाळंतपणासाठी सोनलचं नावही तिथेच घातलेलं होतं. आम्ही बरणी आणि दाण्यांचा डबा सोबत नेला. डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं, सोनलचे पाय दाबून पाहिले, रक्तदाब घेतला, छाती तपासली, धाप लागते का, पोटात काय होतं, असं एकेक विचारलं. लघवी आणि रक्त तपासायला दिलं. मग बाळाचे ठोके पाहिले. पडद्याबाहेर मी आणि ताई उभ्या होतो. ताई पुटपुटत नव्हती, देवाचं नाव घेत नव्हती, नुसती पडद्याकडे बघत होती. मी तिला भाऊजींच्या आजारपणात पाहिली आहे, तेव्हाही ती अशी नव्हती.

डॉक्टर बाई बाहेर येऊन म्हणाल्या की आत्ता तरी भिण्यासारखं दिसत नाही. अशी सूज या दिवसांत येते, पण रक्ताचा अहवाल आल्याशिवाय आणि काही दिवस लक्ष ठेवल्याशिवाय त्या खात्री देणार नाहीत. सूज वाढली किंवा धाप लागली तर ताबडतोब यायचं. ज्यांनी ज्यांनी खाल्लं आहे, त्या सगळ्यांना सांगा, असंही बजावलं. ताई म्हणाली, उद्या सकाळीच सांगते.

सोनलचा नवरा दुसऱ्या पाळीला होता. तो कामावर असताना तिला एकटी ठेवायला नको म्हणून ताई तिला घरी घेऊन आली आणि स्वतःच्या पलंगावर झोपवलं.

जिना

सकाळी आम्ही दोघी दाराबाहेर पडलो. मी सोबत असले तरी बोलायचं ताईने, असं तिनेच ठरवलं होतं.

पहिलं दार समोरचं, जशुबेनचं. ताईने फोटो दाखवला. जशुबेनने चष्मा लावला आणि कपाळावर हात मारला. "अरे सुमनबेन, ए तो दारुडी!" या झाडाला गुजरातीत दारुडी म्हणतात. ज्या गावात सगळा गुजरात दारू प्यायला येतो, तिथे चहासुद्धा अर्धा कप घेणाऱ्या माझ्या बहिणीने घरोघर दारुडी वाटली, हे लक्षात आल्यावर जशुबेनला हसू आवरेना. हसता हसता एकदम थांबल्या, कारण त्यांनी अर्धी बरणी सुरतेला बहिणीकडे पाठवली होती. लगेच फोन झाला. बहिणीने ती अजून उघडली नव्हती. तिखट दिसतं म्हणून बाजूला ठेवली होती म्हणे.

खालच्या मजल्यावर सगळं इतकं सोपं नव्हतं. एका घरातल्या गृहस्थांनी दारातच ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. हिंदीत म्हणाले, ज्याची माहिती नाही ते दुसऱ्यांच्या मुलांना खाऊ घालताच कशाला? ताई म्हणाली, तुमचं बरोबर आहे, मुलांना डॉक्टरांकडे नेऊ या, मी येते. त्यांनी गरज नाही म्हणून बरणी तिच्या हातात दिली आणि दार लावलं. ताईने बंद दारावरून वळून पुढच्या दाराची घंटा वाजवली. मी परत निघेपर्यंत ते गृहस्थ तिच्याशी बोलले नव्हते, आणि पुढेही बोलतील असं मला वाटत नाही. त्यांची मुलं मात्र बरी होती, हे केतकीने कॉलनीतल्या पोरांकडून काढून आणलं.

बाकीच्या घरांतून असं झालं, की आम्ही दारात उभं राहून सांगावं आणि त्यांनी आत बोलवावं. सांगायचं लांबलचक होतं, दारात संपणारं नव्हतं. कोणी चहा टाकला, कोणी स्वतःची सासू बोलावून तिला पुन्हा सगळं ऐकवलं. एकीने बरणी अजून उघडलीच नव्हती आणि तिला त्याचीच लाज वाटत होती. ज्या घरांचे फक्त उंबरे ताईला माहीत होते, तिथली देवघरं आणि गुडघेदुखी तिला एका सकाळीत ठाऊक झाली.

संध्याकाळी कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, ते झाड आम्हालाही दाखवा, पोरं तिकडेच खेळतात. मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये धोतरा होताच. ताईने सांडशीने एक रोपटं वाकवून धरलं. पानावरच्या पांढऱ्या रेघा दाखवल्या, काटे दाखवले, देठ मोडून पिवळा चीक दाखवला, बोंड उघडून दाणे हातमोज्यावर पाडले. सांगताना तिने काही गाळलं नाही. शेवटी म्हणाली, फूल सुंदर आहे, बघायला हरकत नाही. मग बायकांनी कुदळ आणून मुलांच्या वाटेवरची रोपटी उपटली. मी कडेला उभी राहून बघत होते. लहानपणी शाळेत कविता म्हणताना जिची बोबडी वळायची, ती माझी बहीण हीच का, असं मला वाटलं.

परत

मी आठवडाभर राहिले. रोज कोणाकडून तरी काही खायला येत होतं, खिचू, मुठिया, एकदा लिट्टी. सोनलचा रक्ताचा अहवाल चांगला आला. पायांची सूज वाढली नाही, थोडी उतरलीच, आणि ती आमलीला आपल्या खोलीवर परत गेली. लोणचं आता आयुष्यात घालणार नाही, असं ताई म्हणाली. मी दुकानातली चांगली मोहरी पाठवते म्हणाले तर तिने नुसती मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

निघायच्या दिवशी ताई मला वापीला सोडायला येणार होती. नऊवारीची घडी काढून ठेवली होती, माझ्यासाठी थेपले बांधले होते. इतक्यात सोनलचा फोन आला. डॉक्टर बाईंनी सोनोग्राफीला बोलावलं होतं, नवऱ्याला सुट्टी मिळत नव्हती, धुळ्याहून सासू येऊ शकत नव्हती. मावशी, तुम्ही येता का? ताईने माझ्याकडे पाहिलं. मी जा म्हणाले. अंगावरच्या साध्या साडीतच ती निघाली. जिना उतरताना ओरडून सांगत होती की थेपल्यांबरोबर चटणी घे आणि कुलूप नीट ओढून बघ.

मी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, किल्ली जशुबेनकडे दिली. त्यांनी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही, त्यामुळे वापीला पोहोचले तेव्हा गाडीची वेळ झालीच होती. फलाटावर बॅग ठेवते तोच ताईचा फोन आला. गाडी मिळाली का, हे तिने विचारलंच नाही. डॉक्टर बाईंनी तिला आत बोलावलं होतं, बाळ पडद्यावर दाखवलं होतं, ठोके ऐकवले होते. ते कसे वाजत होते ते ती मला तोंडाने करून दाखवायला लागली, धकधक, धकधक, एकदम भराभर. मागे सोनल हसत होती. गाडी आली, लोक चढू लागले, एका हातात बॅग घेऊन मी दांडी धरली, दुसऱ्या हातात फोन होता, आणि माझी बहीण अजून धकधक करत होती.